आधी मुलं की आधी शाळा?

उत्तर आयर्लंडमध्ये आयर्लंडकडे ओढा असलेले कॅथलिक आणि ब्रिटनकडे ओढा असलेले प्रोटेस्टंट यांच्यातला संघर्ष थांबवायला १९९८ ला शांतता करार झाला. तरी आजही बहुतेक कॅथलिक मुलं कॅथलिक शाळेत जातात आणि प्रोटेस्टंट मुलं सरकारी 'कंट्रोल्ड' शाळेत. दोघांना ठरवून एकत्र शिकवणाऱ्या 'इंटिग्रेटेड' शाळांत दहा टक्केही मुलं नाहीत. त्यातली पहिली शाळा, बेलफास्टचं लगान कॉलेज, १९८१ मध्ये पालकांनीच २८ मुलांवर सुरू केली.

चालू शाळा इंटिग्रेटेड करायची तर नियामक मंडळाचा ठराव लागतो, किंवा २० टक्के पालकांची लेखी मागणी. मग टपालाने गुप्त मतदान. निम्म्याहून कमी पालकांनी मत दिलं तर पुन्हा मतदान. बहुमत मिळालं की प्रस्ताव शिक्षणमंत्र्यांकडे जातो, आणि घोडं पेंड खातं ते तिथे. २०२२ च्या कायद्याप्रमाणे शाळेत कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मुलांची 'वाजवी संख्या' हवी. बँगर अकॅडमी या 'कंट्रोल्ड' शाळेत मत देणाऱ्यांपैकी जवळजवळ ८० टक्के पालक 'हो' म्हणाले. तरी जानेवारी २०२५ मध्ये मंत्री पॉल गिव्हन यांनी प्रस्ताव फेटाळला. कारण, पुरेशी कॅथलिक मुलं येतील असं दिसत नाही. मला हे अजिबात पटत नाही. शाळा अजून 'त्यांची', म्हणजे प्रोटेस्टंटांचीच म्हणून ओळखली जात असताना कॅथलिक आईबाप मुलाला तिथे का घालतील? पोहता आल्याशिवाय पाण्यात उतरू नको, असं सांगण्यासारखं आहे हे.

अर्थात पाटी बदलली की शाळा बदलत नाही. आठेक वर्षांच्या कॅथलिक मुलांचा 'फर्स्ट कम्युनियन' हा धार्मिक संस्कार असतो. कॅथलिक शाळेत त्याची तयारी रोजच्या तासांतच होते. इंटिग्रेटेड शाळेत ती कोण घेणार, कोणत्या तासाला, आणि तेवढा वेळ बाकीच्या मुलांनी काय करायचं, हे वेळापत्रकात आधी बसवावं लागतं. नाहीतर दर आठवड्याला अर्धा वर्ग उठून बाहेर जातो, आणि कोण कुठला ते मुलांना आपोआप कळतं. खेळाचंही तेच. मैदानावर फक्त रग्बी आणि हॉकी असेल, गेलिक फुटबॉल हा आयरिश खेळ नसेल, तर कॅथलिक घराला जे समजायचं ते समजतं. नोव्हेंबरात ब्रिटिश सैनिकांच्या स्मरणार्थ छातीवर लाल पॉपीचं फूल लावायचं की नाही, हेही शिक्षक-पालकांनी सप्टेंबरातच बसून ठरवावं. ऐनवेळी ठरवायला गेलं की भांडणच होतं.

आणि शिक्षक? प्राथमिक शिक्षकांचं प्रशिक्षणसुद्धा बेलफास्टमध्ये बहुतांशी दोन वेगळ्या कॉलेजांत होतं, सेंट मेरीज आणि स्ट्रॅनमिलिस. धर्म पाहून शिक्षक नेमायची कायदेशीर सवलत तर २०२४ पर्यंत चालू होती. मुलांनी एका बाकावर बसावं असं वाटत असेल, तर आधी त्यांच्या मास्तरांना एका वर्गात शिकू द्या.