आईच्या टेन्शनने मुलाला शुगर होत नाही

फॅमिली ग्रुपवर महिनाभर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं : लहान मुलांना डायबेटीस होतो तो आईच्या टेन्शनमुळे, आणि आईने मन शांत ठेवलं की मुलाची इन्सुलिनची इंजेक्शनं सुटतात. मला तो तिघींनी पाठवला, हात जोडून. माझी लेक नऊ वर्षांची, तिला टाइप १ डायबेटीस. म्हणून लिहितेय.

आधी कारण. टाइप १मध्ये शरीराची रोगप्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मारत सुटते. लक्षणं दिसतात त्याच्या कितीतरी आधी हे सुरू झालेलं असतं. आईच्या कपाळावरच्या आठ्यांचा त्यात हात नाही.

‘अमकीच्या मुलाचं इन्सुलिन सुटलं’ हा दाखला मात्र अगदीच खोटा नसतो, आणि घात तिथेच होतो. उपचार सुरू झाले की उरल्यासुरल्या पेशी काही काळ सावरतात, डोस उतरतो. डॉक्टर याला ‘हनिमून’ म्हणतात (नाव ठेवणाऱ्याला रात्री उठावं लागत नसणार!). आमचाही उतरला होता. सासूबाईंनी पेढे वाटले. काही महिन्यांत पुन्हा चढला. अशा दिवसांत कुणी मेसेज वाचून इन्सुलिन बंद केलं, तर उलट्या, पोटदुखी, धाप, तोंडाला पिकल्या फळासारखा वास आणि थेट आयसीयू. १९२२ साली टोरंटोत लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं. त्याआधी अशी मुलं उपासमारीच्या पथ्यावर कशीबशी दिवस काढायची आणि जायची. शांत स्वभावाच्या आया तेव्हाही होत्याच की.

ताणाने साखर वाढते, हे खरं. पण ज्याला ताण, त्याची. लेकीची गणिताच्या पेपरला वाढते, माझ्या काळजीने नाही.

आणि माझं टेन्शन येतं कुठून? पहाटे तीनचा गजर. मोबाइलच्या उजेडात झोपलेल्या पोरीचं बोट टोचायचं. साखर ५८ आली, म्हणजे फारच कमी, की ग्लुकोजचं पाणी पाजायचं, पंधरा मिनिटं घड्याळाकडे बघत बसायचं, पुन्हा टोचायचं. म्हणजे आजार आधी, टेन्शन मागून.

आईबाप खचले की तपासण्या आणि डोस चुकतात, एवढं मी मान्य करते. त्यावर ‘शांत राहा’ हा उपाय नव्हे. झोप मिळायला हवी, कुणीतरी वाटा उचलायला हवा.

त्या तिघींतली एक माझी धाकटी जाऊ. तिला मी ग्लुकोमीटर शिकवलाय. शनिवारचा तीनचा गजर आता तिच्या फोनवर वाजतो.