वॅट वाढवा, बाकी बघून घेऊ

अभिनंदन! एकच बटण असलेलं साधं व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, भित्र्यांसाठी असतं, हे तुम्हाला वेळीच कळलं. आता थेट २०० वॅटचा मॉड घ्या, म्हणजे वॅट हवे तसे वाढवता येणारं मोठं व्हेप. नवशिक्याला १२-१५ वॅट पुष्कळ झाले, असं काही जाणकार सांगतील. दुर्लक्ष करा. २०० वॅट म्हणजे जुन्या पाच ट्यूबलाइटींचा भार. एवढा तोंडाशी धरायची सोय असताना कमीवर का भागवायचं?

कुठला घ्यावा? नाव सांगता येत नाही. २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवणूक यांबरोबर जाहिरातीवरही बंदी घातली आहे. जाहिरातीच्या पहिल्याच गुन्ह्याला वर्षभरापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. लेखाच्या मानधनात हे बसत नाही. टपरीवाला मात्र धीट असतो. पानाच्या डब्यामागून खोकं काढून ‘एकदम ओरिजिनल’ म्हणाला, की विश्वास ठेवा. बिल मागून त्याला अवघडवू नका. वॉरंटी अशी, की पुढच्या आठवड्यात तो तिथे दिसला तर आहे. बँकॉकहून आणतो म्हणत असाल तर तिथेही २०१४ पासून आयातबंदी आहे, आणि सिंगापुरात तर नुसतं जवळ बाळगणंही गुन्हा. टपरीच बरी.

आता थोडं शास्त्र. दहावीला ओहमचा नियम ‘ऑप्शनला टाकला’ होता ना? तो आता वसुलीला आलाय. कॉइलचा, म्हणजे लिक्विड तापवून वाफ करणाऱ्या तारेचा, रोध ०.२ ओहम आणि डिस्प्लेवर १०० वॅट, म्हणजे तारेतून २२ अँपिअरच्या वर धारा. एकाच सेलवर चालणारं यंत्र असेल तर तो सगळा भार त्या बिचाऱ्यावर. सेल ३५ अँपिअरचा असल्याचं त्याच्या वेष्टनावर छापलेलं असतंच. वेष्टन कुणीही बदलू शकतं, ही गोष्ट वेगळी. जादा सेल पँटच्या खिशात, किल्ल्यांच्या जुडग्यासोबत ठेवा. धातूने दोन्ही टोकं जोडली, की ओहमचा नियम प्रात्यक्षिकासह समजेल, आणि जन्मभर विसरणार नाही.

कॉइलवर ‘२० ते ३० वॅट’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. बारीक अक्षर वाचायचं वय आहे का तुमचं? ऐंशीवर न्या. आतला लिक्विड शोषणारा कापूस कोरडा पडून जळेल, घशात करपट झटका बसेल. याला ड्राय हिट म्हणतात. हा शब्द चारचौघांत सहज टाकावा, वजन पडतं. लिक्विडमधल्या जास्त तापलेल्या ग्लिसरीनमधून फॉर्मल्डिहाइड निघतं. प्रयोगशाळेत बेडूक ज्यात ठेवतात तेच. लिक्विड मिलिलिटरमागे ५० मिलिग्रॅम निकोटिनचंच घ्या. ब्रिटनमध्ये कमाल २० ला परवानगी आहे, पण ते लोक वरणातही मिरची घालत नाहीत. भोवळ आली तर फ्लेवर चांगला आहे असं समजा. घरात हापूसची पेटी उघडलेली असताना गॅलरीत उभं राहून ‘मँगो आइस’ ओढण्यातली मजा त्याशिवाय कळायची नाही.

सिगारेट सोडायलाच हे घेतोय म्हणता? मग औषधाच्या दुकानात २ मिलिग्रॅमची निकोटिनची च्युइंगम मिळते, उघडपणे, बिलासकट. पण तिला डिस्प्ले नाही.

राहता राहिलं घर. मॉड चार्जिंगला लावलेला दिसला तर पॉवर बँक आहे म्हणून सांगा, आकार अगदी तसाच असतो. त्यावर बाबा ‘दे इकडे, माझा फोन लावतो’ म्हणाले तर काय करायचं, ते मॅन्युअलमध्ये बघावं लागेल. मॅन्युअल चिनी भाषेत आहे.