गाडी पान तीनवर होती

परवा संध्याकाळी माझी गाडी सहा वाजून बारा मिनिटांनी सुटली आणि ती कोणत्या फलाटावरून सुटणार होती हे मला सहा वाजून तेरा मिनिटांनी कळले. यात माझी चूक नाही, असे माझे तेव्हाही मत होते आणि दोन दिवस विचार करूनही ते बदललेले नाही.

स्थानकावरचा नवा पडदा भिंतीएवढा आहे आणि दिसायला झकास आहे. त्यावर गाड्यांची यादी तीन पानांत येते. प्रत्येक पान आठ सेकंद टिकते, आणि तिसरे संपल्यावर पहिले लागण्याआधी वीस सेकंद एक कुटुंब व्हॅक्यूम क्लीनरकडे पाहून हसत राहते. माझी गाडी तिसऱ्या पानावर होती. मी पोहोचलो तेव्हा ते पान नुकतेच निघून जात होते. पुढच्या खेपेस गाडीची ओळ सापडली, नजर उजवीकडे फलाटाच्या रकान्यापर्यंत सरकली, आणि तेवढ्यात ते हसरे कुटुंब परत आले. मोबाइल काढला, तर त्यातल्या ॲपला आधी स्वतःला अद्ययावत करून घ्यायचे होते आणि मग नव्या अटींना माझी संमती हवी होती. फलाटाचा एक आकडा सांगायला यंत्राला माझी संमती कशाला लागते, हा प्रश्न मी बहुधा मोठ्याने विचारला असावा, कारण शेजारून उत्तर आले.

“काका, तुम्ही त्याच्याकडे चुकीच्या पद्धतीने बघताय.”

पंचविशीतला मुलगा होता, पाठीवर सॅक होती, आणि कुणी विचारले नाही तरी सांगायचेच असा भाव चेहऱ्यावर होता. “तुम्ही वाचायला जाताय,” तो म्हणाला. “तो वाचण्यासाठी नाहीच. तो दिसण्यासाठी आहे.”

हे इतके बरोबर होते की मी मान डोलावली. अशा माणसासमोर मान डोलावणे म्हणजे सिग्नल हिरवा करणे, हे मला या वयात ठाऊक असायला हवे होते. त्याने सॅक खाली ठेवली, टॉवेलात गुंडाळलेली एक काळी पेटी ओढून बाहेर काढली, तिच्यात अडकून आलेली छत्री सोडवली आणि “हे जरा धरा” म्हणून एक पॉवर बँक माझ्या हातात दिली. पेटीला सहा खिडक्या होत्या आणि प्रत्येक खिडकीत मधोमध दुभंगलेली काळी पाती होती. पूर्वी स्थानकांवर आणि विमानतळांवर फडफडणारे फलक असत, त्यांची ही घरगुती आवृत्ती त्याने थ्रीडी प्रिंटरवर केली होती.

“सहा बाराची गाडी कुठल्या फलाटावर लागते, काही कल्पना आहे का तुम्हाला?” मी विचारले.

“सांगतो ना,” तो म्हणाला आणि बेल्जियमपासून सुरुवात केली. असा पहिला फलक १९५६ साली तिथल्या लिएज स्थानकात लागला. तो बनवला इटलीतल्या उदिने शहरातल्या सोलारी या घड्याळवाल्या कंपनीने, त्याला रूप दिले जिनो व्हाले या वास्तुविशारदाने, आणि व्हालेनेच घडवलेले पात्यांचे टेबलावरचे घड्याळ आता न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात आहे. स्थानकावरच्या घड्याळात सहा वाजून दोन मिनिटे झाली होती आणि आम्ही अजून इटलीतच होतो.

मग प्रात्यक्षिक झाले. पात्यांचे पिंप एकाच दिशेने फिरते, त्यामुळे ९वरून ८वर यायचे झाले तरी त्याला सगळी अक्षरे आणि आकडे ओलांडून जवळजवळ पूर्ण प्रदक्षिणा घालावी लागते. हे मला पहिल्याच वेळी समजले होते. त्याने ते पाच वेळा दाखवले. पत्ते पिसताना येतो तसा आवाज होत होता आणि खोटे कशाला बोलू, ऐकायला बरे वाटत होते. त्या भरात मी एक मूर्खपणा केला. अक्षरे रोमनच का, देवनागरी का नाहीत, असे विचारले.

“काका, ३६ व्यंजनांची नुसती बाराखडी धरली तरी ४३२ पाती होतात. जोडाक्षरं वेगळीच. एका ‘ष्ट्य’साठी पातं कोण कापत बसणार? म्हणून मोठ्या फलकांवर गावाचं अख्खं नावच एका पात्यावर छापायचे.”

या मुलाचा मला राग आहे, पण त्याचे म्हणणे मला खोडता येत नाही. जुना फलक काही बदलले तरच हलायचा. त्याची फडफड सुरू झाली की वर्तमानपत्रांतून, डुलक्यांतून, भांडणांतून शंभर माना एकदम वर होत, कारण फडफड म्हणजे बातमी असे. नवा पडदा सतत हलतो, म्हणून त्याच्या हलण्याला काही अर्थच उरलेला नाही. गाडीचा फलाट बदलला आणि व्हॅक्यूम क्लीनरचा रंग बदलला, यांत तो काडीचा फरक करत नाही. शिवाय वीज गेली तरी पाती शेवटचा आकडा धरून बसत, तर हा पडदा थेट काळोख दाखवतो. अमेरिकेत बॉस्टनच्या साउथ स्टेशनात जुना फलक काढून दिव्यांचा बसवला, तेव्हा प्रवाशांनी वर बघावे म्हणून त्याला मुद्दाम त्या फडफडीचा आवाज जोडावा लागला. हजारो पाती पुसत, तेल घालत, मिळेनासे झालेले सुटे भाग शोधत बसणे कुणालाच परवडत नाही, हे मला मान्य आहे. फिलाडेल्फियाचा प्रसिद्ध फलकही २०१९च्या जानेवारीत उतरवलाच. पण फलक काढला म्हणून एक यादी तीन पानांत कापून मधे जाहिरात घालण्याची सक्ती कोणत्या यंत्राने केली होती?

सहा वाजून आठ मिनिटांनी मी अखेर आवाज चढवला. “गाडीचा फलाट!”

“हो, हो,” म्हणून त्याने मोबाइलवर काहीतरी टिपले. पेटी फडफडली आणि शेवटच्या खिडकीत ‘५’ येऊन थांबला. मी आभार मानले, याचे मला आज सर्वाधिक दुःख आहे. पूल चढून, धापा टाकत पाच नंबरवर उतरलो आणि तिथून, अगदी समोर, माझी गाडी चार नंबरवरून सुटताना व्यवस्थित पाहिली.

मिनिटभरात तो मुलगा पेटी काखेत मारून पळत आला. चेहऱ्यावर अपराधीपणा असेल असे मला वाटले होते. तिथे निव्वळ आनंद होता.

“काका, चूक सापडली! छत्री ओढताना हॉल सेन्सरची, म्हणजे लोहचुंबक ओळखणाऱ्या सेन्सरची, तार निघाली.”

पुढचे मी उभ्यानेच ऐकले. ही पिंपे फिरवणारी छोटी स्टेपर मोटर, म्हणजे मोजून पावले टाकत फिरणारी मोटर, हौशी मंडळींत सर्वत्र वापरली जाते, आणि ती एका फेरीला २०४८ पावले टाकते असे बहुतेकांच्या कोडमध्ये लिहिलेले असते, कारण आतल्या दातेरी चाकांचे प्रमाण ६४ला १ आहे असे सगळे धरून चालतात. खरे प्रमाण ६३.६८ भरते, म्हणजे पावले जेमतेम २०३८ होतात. दर फेरीला दहा पावले जास्त पडतात. एरवी पिंपातले लोहचुंबक सेन्सरसमोरून गेले की हिशेब पुन्हा शून्यावर येतो. पण तार सुटलेली, पाती ४५, एका पात्याला सुमारे ४५ पावले, आणि प्रात्यक्षिकाच्या फेऱ्या पाच.

“म्हणजे पन्नास पावलं,” तो म्हणाला. “बरोब्बर एक घर पुढे. चारचा पाच!”

“तुझ्या मोबाइलवर चार होते?” इथे मी ‘तुम्ही’वरून ‘तू’वर आलो.

“चारच होते की.”

“मग तो मोबाइल दाखवायचास ना मला!”

“मोबाइलवर काय काका, कुणीही बघतं.”

तरीही त्याला स्वतःची चूक एका मिनिटात सापडली आणि ती सांगायला तो पूल चढून आला, एवढे मला नोंदवावे लागते. पडद्याबद्दल तक्रार करायला मी चौकशी खिडकीवर गेलो, तर तक्रारीसाठी क्यूआर कोड स्कॅन करा, असे सांगण्यात आले. तो कोड पडद्यावरच आहे. तिसऱ्या पानावर, तळाशी, आठ सेकंद.

सहा पन्नासच्या गाडीचा फलाट मी त्याच्या मोबाइलवरच पाहिला. पॉवर बँक माझ्याच खिशात राहिली, हे गाडी सुटल्यावर कळले, आणि त्याचे नावही मी विचारले नव्हते. काल ती परत द्यायला म्हणून मुद्दाम वीस मिनिटे आधी गेलो. तो आला नव्हता. पडद्यावर कुटुंब हसत होते.