ताजा शव थट घरा

गेल्या मार्गशीर्षात आमच्या घरी ५९ डॉलरांची एक वस्तू आली आणि ती घरात नेमकी कोठे ठेवली आहे, हे माझ्या आईला मी आजपर्यंत दाखवू शकलेलो नाही. आई ८१ वर्षांची आहे, अहिराणीखेरीज दुसऱ्या कोणत्याही भाषेत ती रागावत नाही आणि व्यवहाराच्या बाबतीत तिचा प्रश्न नेहमी एकच असतो : “पैसा दिन्हात, मंग माल कोठे शे?” वस्तू म्हणजे संकेतस्थळाची विकतची थीम, अर्थात त्याला चढवायचे तयार रूप, होती. या थीमने सहा महिन्यांत मला जे शिकवले ते मी पस्तीस वर्षांत विद्यार्थ्यांना शिकवू शकलो नाही, आणि ते म्हणजे मात्रेचे महत्त्व.

अमळनेरच्या आमच्या घरात सौ. गेली चौदा वर्षे शेव, बिबड्या, नागलीचे पापड आणि काळा मसाला तयार करून विकते. मी शाळेत मराठी शिकवीत असे. निवृत्तीनंतर माझी नेमणूक वजनकाट्यावर आणि पार्सलांवर पत्ते लिहिण्यावर झाली. पुण्यामुंबईला गेलेल्या खान्देशी मंडळींना शेवभाजीची आठवण साधारणपणे रात्री साडेदहानंतर येते, त्यामुळे फोनही तेव्हाच येतात. या फोनांना कंटाळून आम्ही संकेतस्थळ काढण्याचे ठरविले. पुण्यात संगणकाच्या नोकरीत असलेला माझा भाचा म्हणाला, “मामा, एका रविवारचं काम आहे.” मीही मनात म्हटले, की ज्या गावात १९४५ साली वनस्पती तुपाचा कारखाना निघाला आणि त्याचीच पुढे विप्रो झाली, त्या गावात शेवेच्या एका पानाला कितीसा वेळ लागणार आहे!

संकेतस्थळ उभारण्याचे वर्डप्रेस हे सॉफ्टवेअर २००३ पासून फुकट मिळते आणि त्याला चढविण्याच्या थीमसुद्धा हजारोंनी फुकट मिळतात. मग मी पैसे का मोजले, असा प्रश्न सौ.ने तेव्हाही विचारला होता आणि अजूनही ती तो सणावारी विचारते. माझे म्हणणे असे होते, की फुकट घेतलेल्या वस्तूविषयी उद्या काही अडले तर विचारायचे कोणाला? पैसे दिले की समोर एक माणूस उभा राहतो. थीम हे निमित्त होते. मी खरे तर तो माणूस विकत घेत होतो.

विक्रेत्याच्या पानावर थीमचा नमुना होता, ज्याला डेमो म्हणतात. एका गोऱ्या बाईची बेकरी, खिडकीबाहेर बर्फ, पाटावर पिठाची हलकी भुरभुर, आणि पावांचे असे फोटो की स्क्रीनला वास यावा. मुलगी दाखविण्याच्या कार्यक्रमाला पूर्वी शेजारच्या घरचा सोफा, समोरच्या घरचे कपबशांचे जोड आणि चुलत्यांकडची भिंतीवरची घड्याळे आणून बैठक सजवीत असत. पाहुणे गेले की सोफा परत जाई. डेमोचे तसेच असते. थीम बसवून झाल्यावर पाहतो तो बाई नाही, बेकरी नाही, बर्फ नाही. ठिकठिकाणी करड्या रंगाचे चौकोन, आणि त्यांच्या पोटात १९२० गुणिले १०८० असे चित्राच्या मापाचे आकडे. विक्रेत्याच्या पानाच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरांत, ‘डेमोमधील छायाचित्रे विक्रीत समाविष्ट नाहीत’ असे लिहिलेले होते, हे भाच्याने नंतर दाखविले. छायाचित्रांचे हक्क दुसऱ्याचे असतात, हे मला मान्य आहे. माझे म्हणणे एवढेच, की जे वाक्य तळाशी होते ते किमतीच्या शेजारी असायला हवे होते.

पैसे भरण्याचा प्रसंग थोडक्यात सांगतो. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नवे कार्ड परदेशी व्यवहारांसाठी मुळात बंदच असते आणि ते आपण मागून सुरू करून घ्यावे लागते. शाखेतल्या मुलाने, “सर, परदेशात जाताय?” असे विचारले, मी, “नाही, शेव विकतोय,” असे उत्तर दिले, आणि त्याने एकदा माझ्याकडे व एकदा माझ्या जन्मतारखेकडे पाहिले.

मग झिप, म्हणजे थीमच्या फाइलींचे एक गाठोडे, आली. ती चढविल्यावर ‘स्टाइल डॉट सीएसएस ही फाइल सापडत नाही’ असा निरोप उमटला. त्या झिपेच्या आत दुसरी झिप होती आणि खरी थीम तिच्यात होती. बाहेरच्या झिपेत माहितीपत्रक, परवाना आणि काय काय होते. ही चूक नव्या गिऱ्हाइकांपैकी इतके जण करतात, की विक्रेत्यांच्या मदतपानांवर तिला स्वतंत्र शीर्षक असते. ज्या अडचणीला स्वतंत्र शीर्षक द्यावे लागते, ती अडचण झिपेच्या नावातच ‘ही नव्हे, आतली’ असे लिहून का मिटवीत नाहीत, हे कोडे मला सुटलेले नाही.

रविवार जाऊन दुसरा रविवार आला. भाच्याने सौ.ने काढलेले फोटो करड्या चौकोनांत बसविले. मुख्य पानावर मोठ्या अक्षरांत घालण्यासाठी मी, शिक्षकी बाण्याने विचार करून, एक ओळ दिली : ‘ताजी शेव थेट घरी’. चार शब्द, एकही जोडाक्षर नाही, आशय स्वच्छ. रात्री संकेतस्थळ सुरू झाले. पावणेअकराला पहिला फोन आला तो धुळ्याच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा. ते बराच वेळ काही बोलेनात. मग हलक्या आवाजात म्हणाले, “मास्तर, घरी सगळं ठीक आहे ना?”

मी संगणक उघडला. पानावर, वितीएवढ्या अक्षरांत, लिहिलेले होते : ‘ताजा शव थट घरा’.

घडले होते ते असे. या थीममध्ये मथळ्याची अक्षरे खालून वर सरकत, एखाद्या खिडकीतून डोकवावे तशी येतात. त्या खिडकीची उंची रोमन अक्षरांच्या मापाने बेतलेली होती. रोमन अक्षराच्या डोक्यावर काही नसते. आपल्या अक्षराच्या डोक्यावर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार असा सारा संसार असतो, आणि तो खिडकीबाहेर राहून सफाईने छाटला गेला होता. वेलांटीचा फक्त दांडा उरला, म्हणून ‘जी’चा ‘जा’ झाला. मात्रा गेली, म्हणून शेवेचे शव झाले. शिवाय अक्षरांमध्ये शोभेसाठी अंतर सोडलेले असल्याने शिरोरेषा जागोजागी तुटून दात पडल्यासारखी दिसत होती. मला सर्वांत जास्त काय लागले असेल, तर शव हा शब्द नपुंसकलिंगी आहे. म्हणजे ‘ताजा शव’ हे व्याकरणानेही चुकलेले होते, आणि ते माझ्या नावावर जगभर पसरले होते.

आता मी ज्या माणसाला विकत घेतले होते त्याला हाक मारण्याची वेळ आली. या हाकेला तिकीट म्हणतात. तिकिटासोबत पर्चेस कोड, म्हणजे खरेदीचा क्रमांक, द्यावा लागतो, नाही तर खिडकी उघडत नाही. मी छाटलेल्या मथळ्याचा फोटो जोडला आणि शवाचा अर्थ समजावून सांगितला. आपल्याकडे २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि तिचे निवारण महिन्याच्या आत करावे लागते. मला पोच ४८ सेकंदांतच आली, कारण ती यंत्राने पाठविली होती. माणसाचे उत्तर तिसऱ्या दिवशी आले. भाच्याने ते फोनवर वाचून दाखविले : “ते म्हणतात, आधी कॅश क्लिअर करा.” सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, “क्लिअर केली की! ५९ डॉलर!” ती कॅश निराळी, म्हणजे ब्राउझरने साठवून ठेवलेल्या जुन्या प्रती, हे समजावण्यात एक संध्याकाळ गेली. ती साफ केल्यावर शव अधिकच स्पष्ट दिसू लागले.

दुसऱ्या उत्तरात सर्व प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला जोडलेली पूरक सॉफ्टवेअरे, बंद करून पाहण्यास सांगितले होते. तिसरे उत्तर मात्र मी छापून भिंतीवर लावले आहे. त्यात, मोठ्या सौजन्याने, असे म्हटले होते की थीममधील दोष दुरुस्त करणे हे सपोर्टमध्ये येते, परंतु गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणे थीमचे रूप बदलणे हे कस्टमायझेशन असून ते सपोर्टमध्ये येत नाही. आपली विनंती दुसऱ्या प्रकारात मोडते.

हा भेद योग्यच आहे, आणि थीम विकणारे बहुतेक जण तो आधी सांगतात. एखाद्या गिऱ्हाइकाला मथळा जांभळा हवा असेल तर त्यासाठी विक्रेत्याने आपले काम टाकून बसावे, असे मी म्हणणार नाही. पण मात्रा ही आवड नव्हे. माझ्या शेवेला मात्रा असावी हा माझा छंद नाही; ती शेवेची पूर्वअट आहे. विक्रीच्या पानावर ‘अनुवादासाठी सज्ज’ असे ठळक लिहिलेले होते. सज्ज याचा अर्थ बटणांवरचे शब्द बदलता येतात एवढाच असेल, तर तसे सांगावे. आणि तेही पुरते खरे नव्हते, कारण एक ‘रीड मोअर’ अजून पानावर ठाण मांडून आहे आणि कोणत्याही फाइलीतून त्याचा जामीन होत नाही. विक्रेत्याने देवनागरीत थीम तपासून पाहिली नसेल तर त्याला दोष नाही. ‘फक्त रोमन लिपीत तपासलेली’ एवढे चार शब्द लिहिले असते, तर मी ती घेतली नसती आणि आम्ही दोघेही सुखात राहिलो असतो.

शेवटी भाच्यानेच थीमच्या फाइलीत शिरून एक आकडा बदलला. ओळीची उंची १ होती, ती १.६ केली. शव उठून बसले. देवनागरीसाठी घडविलेला ‘मुक्त’ नावाचा टंक (फॉन्ट) त्याने लावला, तो फुकट मिळतो, आणि सौ.ने पहिल्यांदा स्क्रीनकडे पाहून मान डोलावली.

पुढे आखाजी आली. आखाजी म्हणजे आमच्याकडे माहेरवाशिणींचा सण. घरोघर झोके, सांजोऱ्या, पुरणपोळ्या, आणि परत जाणाऱ्या प्रत्येक लेकीच्या पिशवीत शेव-बिबड्या. वर्षातली सर्वांत मोठी विक्री. त्या दिवशी पहाटे थीमची नवी आवृत्ती आली आणि मी सुजाण गिऱ्हाइकाप्रमाणे ‘अद्ययावत करा’ हे बटण दाबले. नवी आवृत्ती जुन्या फाइलींवर बसते आणि तुम्ही हाताने केलेले बदल पुसून टाकते. ते टिकवायचे असतील तर ते मूळ थीममध्ये न करता चाइल्ड थीम नावाच्या वेगळ्या फोल्डरात करायचे असतात. हे मला दुपारी कळले. सकाळभर माहेरवाशिणींना शव थट घरा मिळत होते.

चूक आमचीच होती, हे मी मान्य करतो. भाचाही मान्य करतो, पण तो हलक्या आवाजात. तरीही त्या झिपेच्या आतल्या झिपेत तयार चाइल्ड थीम ठेवायला विक्रेत्याचा एक अर्धा तास गेला असता. पुष्कळ विक्रेते ती ठेवतात. आणि अद्ययावत करू नये म्हणावे, तर तेही चालत नाही. थीमसोबत एक स्लायडर, म्हणजे पानावर चित्रे सरकविणारे प्लगइन, फुकट आला होता. त्याची नवी आवृत्ती थीमवाल्याने दिली तरच मिळणार, कारण त्याचा स्वतंत्र परवाना आपल्या हाती नसतो. अशाच एका स्लायडरमधील भोकातून २०१४ च्या डिसेंबरात चोर शिरले आणि गूगलला ११ हजारांहून अधिक संकेतस्थळे धोकादायक ठरवावी लागली. मूळ कर्त्याने ते भोक कित्येक महिने आधी बुजविले होते; थीमबरोबर मिळालेल्या प्रतींना मात्र ती बातमी आपोआप पोचत नव्हती. हे वाचल्यापासून मी ‘सोबत अमुक इतके प्लगइन मोफत’ या ओळीकडे लग्नात आंदण आलेल्या म्हशीकडे पाहावे तसा पाहतो : दूध आहे, पण वैरण कोण घालणार?

धाकट्या मेहुण्याला हीच थीम त्याच्या केळीच्या रोपवाटिकेसाठी हवी होती. परवान्यात ‘एकाच संकेतस्थळासाठी’ असे लिहिलेले. उलट भाचा सांगतो, की २००९ साली वर्डप्रेसचे एक संस्थापक मॅट मलेनवेग यांनी वकिलांचे मत घेऊन जाहीर केले, की थीममधील पीएचपी या संगणकभाषेतला कोड वर्डप्रेसच्याच जीपीएल या मोकळ्या परवान्याखाली येतो. चित्रे आणि सजावटीच्या फाइली त्या बंधनाबाहेर राहू शकतात. म्हणजे सांगाडा सर्वांचा आणि कपडे विक्रेत्याचे. मेहुण्याला मी सांगितले, की सांगाडा न्यायला हरकत दिसत नाही, परंतु आमच्या घरी त्या विषयावर आधीच पुरेसे बोलणे झाले आहे.

आमच्या बाजारात भरिताची वांगी विकणारी एक आजी बसते. ती वांगे हातात देते, देठ दाखविते, आणि न विचारता सांगते : हे भाजायचे, हे रश्शाचे नाही, आज चांगले, परवा बी धरेल. कीड निघाली तर दुसऱ्या बाजारी ती दुसरे देते आणि कीड ही तुमची आवड होती असे म्हणत नाही. तिचा सपोर्ट किती महिन्यांचा आहे, हे कोणी विचारल्याचे माझ्या ऐकण्यात नाही.

ज्येष्ठात थीमसोबत मिळालेल्या सपोर्टचे माझे सहा महिने संपले आणि मुदतवाढीचे पत्र आले, ते मात्र अगदी वेळेवर. त्यानंतर आठवड्याने आणखी एक आवृत्ती निघाली. सोबतच्या बदलांच्या यादीत शेवटची ओळ होती : ‘काही भाषांमधील किरकोळ मुद्रणदोष दूर केला.’ किरकोळ या शब्दावर मी अर्धा दिवस बसून होतो. मथळा आता चाइल्ड थीमविनाही नीट दिसतो, आणि मी ते आईला दाखविलेही. तिने चष्मा लावून पाहिले आणि माल कोठे आहे ते पुन्हा विचारले.

धुळ्याचे ते जुने गिऱ्हाईक संकेतस्थळावर मागणी नोंदवीत नाहीत. रात्री साडेदहानंतर फोनच करतात. “मास्तर, दोन किलो ताजा शव धाडी द्या,” म्हणतात, आणि स्वतःच हसतात. मी वहीत ‘शेव, २ किलो’ असे लिहून घेतो, आणि मात्रा जरा मोठी काढतो.