३४ अंशच तर आहेत!

आज आमच्या मुंबईतल्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज वाचला आणि डोकं फिरलं. वॉचमनकाकांनी पत्र्याच्या केबिनसाठी एक टेबलफॅन मागितला होता. उत्तर आलं, "३४ अंशच तर आहेत. नागपूरला ४४ मध्ये लोक राहतात." त्यावर धडाधड अंगठे.

सगळी शिकलेली माणसं. दहावीला अप्रकट उष्मा, म्हणजे तापमान न बदलता शोषली जाणारी उष्णता, घोकून मार्क मिळवलेली.

माझे बाबा कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. सूत तुटू नये म्हणून तिथली हवा मुद्दाम दमट ठेवत. भिंतीवर शेजारीशेजारी दोन थर्मामीटर, एकाच्या फुग्याला ओलं कापड. ते वाळताना पारा खाली आणतं, पण हवा दमट असली की नीट वाळतच नाही. बाबा सांगायचे, ओल्याचा पारा कोरड्याच्या जवळ आला की समजायचं, आज पाळी जड जाणार. नुसत्या कोरड्याकडे बघून कामगाराला काही कळत नसे.

घाम आल्याने अंग थंड होत नाही, घाम वाळल्याने होतं. एक लिटर घाम वाळताना शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच बनियनमधून ठिबकला तर जवळजवळ काहीच नेत नाही. ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर ओला थर्मामीटर साधारण २३ दाखवेल. ३४ अंश आणि ७० टक्क्यांना तोच साधारण २९! आणि हा ओला आकडा ३५ ला टेकला, तर सावलीत नुसता बसलेला धडधाकट माणूसही काही तासांत जिवाला मुकू शकतो. म्हाताऱ्यांचे, उन्हात राबणाऱ्यांचे हाल त्याच्या बऱ्याच आधी सुरू होतात. अंगालगतची दमट हवा हलवायला पंखा लागतो हो. ती काय चैन आहे?

विदर्भातलं ऊन जीव घेतं, मान्य. म्हणून इथला माणूस उकडत नाही असं होतं का?

तापमान आणि उष्णता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे जोसेफ ब्लॅकने ग्लासगोमध्ये १७६० च्या दशकात दाखवलं. बर्फ वितळताना उष्णता घेतच राहतो आणि थर्मामीटर मात्र शून्यावर ढिम्म. अडीचशे वर्षं उलटून गेली, तरी आपल्या बातम्या एका कमाल तापमानावर संपतात. हवामान खातं 'उष्ण व दमट' असा इशारा देतं हल्ली, तेवढं श्रेय देते. पण सांताक्रूझ वेधशाळेच्या आकड्याशेजारी ओल्या थर्मामीटरचा आकडा रोज का नाही सांगत? गिरणीच्या भिंतीवर तो होता. १९४८ च्या कारखाने कायद्यातही दमट हवेसाठी वेगळं कलम होतं.

बाबा पाळी संपवून यायचे तेव्हा अंग पुसूनही कोरडं व्हायचं नाही. गॅलरीत पाय पसरून बसायचे, आम्ही पुठ्ठ्याने वारा घालायचो. बराच वेळ एक शब्द बोलायचे नाहीत. आता वाटतं, त्यांना बोलवतच नसेल.

माझ्या यादीतल्या शिक्षक मित्रमैत्रिणींनो, एवढं करा. दोन साधे थर्मामीटर घ्या, एकाच्या फुग्याला मलमलची ओली पट्टी गुंडाळा, वर्गातल्या पंख्याच्या वाऱ्यात टांगा. पट्टी सुकू देऊ नका. एक दिवस एप्रिलमध्ये, एक दिवस डिसेंबरमध्ये. दोन्ही आकडे मुलांनाच वाचू द्या, फळ्यावर लिहू द्या, आणि दोन्हींतला फरक का बदलला हे त्यांनाच विचारा.