‘स्वस्त ठेकेदार आणा’ म्हणणाऱ्यांचा अर्धा हिशेब

पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मजकूर अधूनमधून फिरत असतो. सार असं: मिळकतकर भरूनही आपण कचऱ्याचे वेगळे पैसे देतो, दारोदार कचरा गोळा करणाऱ्या ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेला काम निविदेशिवाय मिळालं आहे, महापालिकेला समाजकार्य करायचं तर वेगळं करावं, कचरा मात्र सगळ्यात कमी दराच्या ठेकेदाराकडे सोपवावा.

‘कर भरला, मग पुन्हा पैसे कशाचे?’ 2016च्या घनकचरा नियमांनीच कचरा करणाऱ्यावर वापरशुल्क बसवलं. ठेकेदार आला म्हणून ते माफ होत नाही. आज ते दारात येणाऱ्या बाईच्या हाती पडतं, उद्या पालिकेमार्फत ठेकेदाराकडे जाईल.

‘ठेकेदार स्वस्त पडतो.’ खरी मेख इथे आहे. कचऱ्याच्या ठेक्यात पैसे बहुधा टनावर मिळतात. वजन वाढलं की बिल वाढतं, मग ओलं, सुकं आणि राडारोडा एकत्र गेलं तर ठेकेदाराचं काय बिघडलं? कचरावेचक बाईचं गणित नेमकं उलटं. पुठ्ठा, काच, पत्रा, प्लास्टिक निवडून भंगारवाल्याला विकायचा हक्क तिचा, आलेला पैसाही तिचा. म्हणून ती नीट निवडते. आपण एकाच डब्यात सगळं कोंबलं तर बोलूनही दाखवते (आणि तेच काहींना खटकतं). तिने बाजूला काढलेला माल गाडीत चढत नाही, त्यावर डिझेल जळत नाही, प्रक्रियेचा खर्च होत नाही. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी पुण्याचा कचरा नको म्हणून किती आंदोलनं केली ते आठवा. निविदेतल्या दराच्या रकान्यात यातलं काहीच दिसत नाही.

आणि तो कमी दर येतो कुठून? डिझेल सगळ्यांना त्याच भावाने मिळतं. कात्री लागते ती मजुरीला, पीएफला, भरपगारी रजेला, हातमोज्यांना. मुंबई महापालिकेच्या सुमारे 2,700 ठेका सफाई कामगारांना कायम करण्याचा औद्योगिक न्यायाधिकरणाचा निवाडा 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकला. वर्षानुवर्षे वाचवलेले पैसे असे अंगावर येतात.

‘निविदेशिवाय काम म्हणजे खिरापत.’ या बायका उकिरड्यावरचं भंगार वेचत होत्याच, पालिकेच्या पगारपत्रकावर न येता. 1993 मध्ये डॉ. बाबा आढाव आणि सहकाऱ्यांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी केली, त्यातून पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्याच मालकीची सहकारी संस्था निघाली आणि 2008 मध्ये पालिकेशी करार झाला. तीन हजारांहून अधिक सभासद, बहुतेक दलित स्त्रिया. दारोदारचं काम ठेकेदाराला दिलं असतं, तर त्यांच्या पोटावर पाय आला असता आणि ते नुकसानही शहरानेच सोसलं असतं.

‘महिलांचं नाव पुढे करून ठेकेदारच खातात.’ हा आरोप मात्र झटकता येत नाही. अंगणवाडीच्या आहारात महाराष्ट्राने हे पाहिलं आहे. ठेकेदार नकोत, बचत गटांना आणि महिला मंडळांना प्राधान्य द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्येच बजावलं होतं. तरी निविदेच्या अटी अशा घातल्या गेल्या की गावातला गट दारातच अडावा. 2019 मध्ये न्यायालयाने सुमारे 6,300 कोटींची ती निविदा प्रक्रिया रद्द ठरवली. पण यावरून गट नकोत असा निष्कर्ष निघत नाही. मालकी कोणाची, काम कोण करतं, पैसा कोणाच्या खात्यात जातो, हे तपासायला हवं होतं. ‘स्वच्छ’लाही हेच प्रश्न विचारा, जरूर विचारा.

‘सरकारी खरेदीत सामाजिक अटी बसतच नाहीत.’ केंद्र सरकारच्या खरेदीत 25 टक्के वाटा सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी आहे, त्यात 4 टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि 3 टक्के महिलांच्या उद्योगांसाठी. आपल्याकडे मजूर सहकारी संस्थांना सरकारी कामांत वाटा देण्याची पद्धतही जुनीच.

राहिली ‘बाई दांड्या मारते’ ही तक्रार. ती खरी असू शकते. मग करारात बदली कामगाराची अट घाला, तक्रार किती तासांत मिटवायची ते लिहा, मुकादमाचा नंबर प्रत्येक सोसायटीच्या फलकावर लावायला सांगा.