यादीत नसलेल्या मॅडम

गेल्या रविवारी मालवणजवळच्या एका वाडीत आरोग्य शिबिर झाले. समारोपाला डॉक्टरांना शाल-श्रीफळ मिळाले, सिस्टरांना गुलाब मिळाला आणि सकाळपासून रुग्णांच्या तक्रारी टिपणाऱ्या, रक्तदाब मोजणाऱ्या आणि कोणाला आधी डॉक्टरांपुढे बसवायचे ते सुचवणाऱ्या फिजिशियन असिस्टंटला, म्हणजे मला, उरलेले नारळ सांभाळायला मिळाले.

त्याआधी मंडळाचे सेक्रेटरी माइकवर हात ठेवून माझ्याकडे आले होते.

"मॅडम, तुमच्या नावामागे डॉक्टर लावतंय मां?"

"नको, मी डॉक्टर नाही."

"मगे शिस्टर?"

"सिस्टर त्या, पलीकडे बसल्या आहेत."

"मगे कंपौंडर!"

मी पदनाम सावकाश सांगितले. त्यांनी खिशातला कागद काढला, उलटसुलट पाहिला आणि पुन्हा घडी घातली. "एवडा लांब नाव माज्या तोंडात बसाचा नाय. आणि असिस्टंट म्हणजे हाताखालचो मां? हाताखालच्याक शाल कशी देवची?" हा युक्तिवाद पहिल्या रांगेतल्या काकींना इतका पटला की त्यांनी मान डोलावली, त्यांच्या पिशवीतल्या दोन निरनिराळ्या नावांच्या गोळ्या एकाच औषधाच्या आहेत, हे डॉक्टरांच्या नजरेस तासाभरापूर्वी मीच आणून दिले होते.

सेक्रेटरींना तरी किती दोष द्यावा? 1965 साली ड्यूक विद्यापीठात हा पेशा सुरू झाला, तेव्हा पहिल्या तुकडीत अमेरिकी नौदलात रुग्णसेवा केलेली माणसे होती. 1992 मध्ये चेन्नईत आपल्याकडचा अभ्यासक्रम निघाला. त्यानंतर 2021 मध्ये अमेरिकेतल्या आमच्या पेशाच्या संघटनेने 'असिस्टंट' टाकून 'असोसिएट' घेतले, तर 2025 मध्ये ब्रिटनमध्ये सरकारने करवून घेतलेल्या आढाव्याने 'असोसिएट'मुळे रुग्णांचा घोटाळा होतो म्हणून 'असिस्टंट'ची शिफारस केली. आरोग्यसेवेतल्या पेशांसाठी केलेल्या आपल्या 2021 च्या कायद्याने फिजिशियन असोसिएटला अनुसूचीत जागा दिली आहे. सेक्रेटरींच्या कागदावर मात्र ती नव्हती.

रुग्णाने मला डॉक्टर समजू नये, हे मला मनापासून मान्य आहे आणि ते मी प्रत्येकाला आधीच सांगते. परंतु जी डॉक्टर नाही ती कोणीच नाही, हा हिशेब मला मान्य नाही. पदवी आणि इंटर्नशिप पुरी करून लागलेल्या नोकरीत माझ्या ओळखपत्रावर अजूनही नुसते 'स्टाफ' छापलेले आहे, आणि झाडांना पाणी घालणाऱ्या काकांच्या ओळखपत्रावर निदान 'माळी' तरी आहे.

मंडप उतरवत असताना सेक्रेटरी हळूच जवळ आले. "चढाव चढताना छातीत दडपता. डॉक्टरांक सांगलंय तर उगाच ॲडमिट करतीत. तुमी काय डॉक्टर नाय, म्हणान तुमका सांगतंय."

मी त्यांना खुर्चीत बसवले, दुखणे कधीपासून आणि किती वेळ टिकते ते लिहून घेतले आणि निघालेल्या डॉक्टरांची गाडी थांबवली. सेक्रेटरींना ईसीजीसाठी त्याच संध्याकाळी पाठवले गेले. आजार वेळीच ओळखल्याबद्दल डॉक्टरसाहेबांचे आभार मानणारा त्यांचा लांबलचक मजकूर काल वाडीच्या ग्रुपवर आला. त्यात उरलेले नारळ नेणाऱ्या टेम्पोवाल्याचेही नाव आहे.